दिवसाला एकच कुलूप: पुणे ते कोल्हापूर, वाटेवरच्या छोट्या जागा बघत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून कोल्हापूरला चार दिवस काढून रमतगमत जायचंय. गाडीत तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी. महाबळेश्वर, पन्हाळा, अंबाबाई सगळं पाहून झालंय, म्हणून या खेपेला वाटेवरच्या गावांतली संग्रहालयं, बागा, विहिरी, जुनी देवळं बघायची आहेत. मागच्या वर्षी सोलापूरच्या बाजूला असाच बेत केला होता. यादीत नऊ जागा होत्या. चार बंद निघाल्या, दोन सापडल्याच नाहीत, मुलगी कंटाळली आणि आई शेवटी गाडीतच बसून राहिल्या. आता तुम्हाला 'चांगल्या जागांची पक्की यादी' हवी आहे.

यादी देते. पण यादी तर तुमच्याकडे मागच्या वेळीही होती. गडबड झाली ती हिशेबात. रायगड, अजिंठा अशा ठिकाणांना जो हिशेब लावतात तोच तुम्ही या जागांना लावलात. मोठ्या ठिकाणी तिकीटखिडकी असते, पाट्या असतात, तुम्ही केव्हाही गेलात तरी कुणीतरी असतंच. तालुक्याच्या गावातलं संग्रहालय एका-दोघांच्या हजेरीवर चालतं. शिपाई जेवायला गेला, त्याच्या भावकीत लग्न निघालं, वीज गेली, की दार बंद. दरवेळी हा हलगर्जीपणाच असतो असं नाही. दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येणाऱ्या जागेला दुसरा माणूस कोण देणार?

मी कुटुंबांच्या आणि शिक्षकांच्या लहान गटांच्या सहली आखून देते, पुष्कळदा बरोबरही जाते. आखताना जागांचे दोनच प्रकार करते: कुलपाच्या आणि बिनकुलपाच्या. कुणीतरी दार उघडल्याशिवाय जिथे काही दिसत नाही, जिला वार, वेळ आणि सुट्टी आहे, ती कुलपाची. संग्रहालय, स्मारकाची खोली, अभयारण्याचं फाटक यात येतात. विहीर, घाट, संगम, देवळाच्या आवारातले कोरीव दगड, रस्त्याकडेचं गुऱ्हाळ या बिनकुलपाच्या. सकाळी सातला गेलात तरी आहेत, सूर्य मावळताना गेलात तरी आहेत. नियम एवढाच, की दिवसाला कुलपाची जागा एक, फार तर दीड. 'दीड' म्हणजे दुसरी एखादी मनात धरायची, पण ती बंद निघाली तर कुणाचा चेहरा उतरणार नाही अशी. बाकीचा दिवस बिनकुलपाच्या जागांनी भरायचा. तुमच्या नऊ जागांपैकी सात कुलपाच्या असणार, आणि त्या दोन दिवसांत बसवलेल्या असणार, असा माझा अंदाज आहे.

कुलपाच्या जागेची माझी ठरलेली वेळ सकाळी अकरा. दहाला उघडतं असं लिहिलेलं असतं, पण झाडलोट होऊन दिवे लागेपर्यंत साडेदहा होतात. एकनंतर जेवणाची सुट्टी, आणि चारनंतर खिडक्या लावायची घाई. अकराला गेलं की माणूस निवांत असतो आणि तुम्हीही ताजे असता. शासकीय संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, म्हणून प्रवासात सोमवार येणार नाही असंच निघा. तुम्ही बुधवारी निघून शनिवारी पोचायचं ठेवा. रविवार-सोमवार धरून निघालात तर एक दिवस गर्दीत आणि एक दिवस बंद दारांसमोर जाईल.

आदल्या दिवशी फोन करायचाच, पण 'उद्या उघडं आहे का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'उद्या अकराच्या सुमारास पाच जण येतोय, बरोबर आईवडील आहेत, पायऱ्या फार आहेत का?' असं विचारा. आता समोरच्या माणसाला तुम्ही 'येणारे' झालात. तो जागेवर थांबतो, कधी मागचा दरवाजा उघडून ठेवतो, आणि खरंच अडचण असेल तर तिथेच सांगतो. नकाशावरचा नंबर लागला नाही तर गावातल्या हायस्कुलात किंवा वाचनालयात फोन लावावा. किल्ली कुणाकडे असते हे तिथे माहीत असतं.

दुसरी गोष्ट, आणि ती मला कुलपाइतकीच महत्त्वाची वाटते. छोट्या जागा सुट्या-सुट्या पाहिल्या तर फिक्या वाटतात. एका खोलीत दहा तलवारी, चार नाणी, धूळ बसलेला पालखीचा दांडा. पुढच्या गावी पुन्हा तेच. मूल कंटाळतं ते यामुळे. त्यांच्यात एक धागा हवा. पुणे–कोल्हापूर वाटेवर तो आयता मिळतो: पंतप्रतिनिधी घराणं. परशुराम त्रिंबक हे मूळचे कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे, राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार बघणारे, झाले. कराडचा कोट या घराण्याकडे होता. पुढे औंध संस्थान त्यांचं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ ते १९४७ राजे होते; सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यात त्यांचा मोठा वाटा. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेने घेतल्यावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला तोही याच राजाने, १९१० साली, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुलीला निघताना एवढंच सांगा, की शाळेत सूर्यनमस्कार घालतेस ना, ते ज्याने गावोगाव पसरवले त्या राजाचं घर आणि त्याने जमवलेली चित्रं बघायला चाललोय. मग ती स्वतःच विचारायला लागते.

आता वाट.

पहिला दिवस, पुणे ते सातारा. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतलं, त्यामुळे घाई नाही. खंबाटकी उतरलात, सुरूर मागे टाकलंत, की भुईंजच्या पुढे आत किकली नावाचं गाव आहे, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याच्या बाजूला. गावातल्या भैरवनाथाच्या जुन्या दगडी देवळाजवळ वीरगळ आहेत, एकदोन नव्हे, डझनांनी. लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा उभा दगड म्हणजे वीरगळ. तो वाचता येतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तर हमखास येतो. खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. आणि अगदी टोकाशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. एखाद्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या घातलेला हात दिसला तर तो सतीचा. मी मुलांना पहिला दगड वाचून दाखवते, आणि पुढचे त्यांनी मला वाचून दाखवायचे. यात कुठला घोड्यावर आहे, कुठल्याने ढाल कशी धरलीय, अशी शोधाशोध सुरू होते आणि मोठ्यांनाच मग 'चला आता' म्हणावं लागतं. दगडांवर हळद-कुंकू, तेल असतं. गावाच्या दृष्टीने ते देव आहेत. पाय देऊन चढायचं नाही, पाणी टाकून पुसायचं नाही, फोटोसाठी खडूने रेघा तर नाहीच नाही.

तिथून परत हायवेला येऊन आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की लिंबचा फाटा. उसाच्या शेतांतून अरुंद रस्ता बारा मोटेच्या विहिरीपाशी जातो. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात बांधली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून एक चौकोनी विहीर आणि दोन्हींच्या मध्ये पुलासारखा चक्क एक छोटा महाल. साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. पायऱ्या उतरून कमानीखालून गेलात की एकदम गारवा लागतो. भिंतींवर पंजात हत्ती धरलेले शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, आहेत. वर आलात की काठावरच्या मोटांच्या, म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायच्या चामडी पखालींच्या, जागा नीट बघा: चाक बसवायचे दगड, बैलांच्या धावा कुठल्या दिशेने होत्या याचा अंदाज येतो. बारा मोटा एकदम चालू असतील तेव्हा काय आवाज होत असेल, हे वडिलांना विचारा. त्यांनी लहानपणी एखादी तरी मोट पाहिलेली असणार आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.

पण इथे परिस्थितीचा प्रश्न येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर पायऱ्यांवर शेवाळ असतं, कठडे नाहीत. मुलीचा हात धरूनच उतरायचं, आईंनी उतरायचं नाही. आईंसाठी लिंब-गोवे शिवारातलं कृष्णेकाठचं कोटेश्वराचं देऊळ जवळ आहे. नदीला पूर नसेल तर डबा तिथेच सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर काठावरच्या सगळ्या जागा यादीतून काढून टाका, कारण कृष्णा कधी पायऱ्यांवर येईल सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी कुलपाची जागा मुद्दामच ठेवलेली नाही, कारण पुण्यातून निघायला तुम्हाला उशीर होणार. सगळ्यांनाच होतो. तरी चारच्या आत साताऱ्यात पोचलात तर एसटी स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय हे तुमचं 'अर्धं'. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा इथेच मांडली होती, तेव्हा रांगा लागल्या होत्या. ती आता तिथे नाहीत, पुढे नागपूरला गेली. पुष्कळ लोक अजून त्यासाठीच येतात आणि हिरमुसतात. मराठेशाहीतली शस्त्रं, वस्त्रं, चित्रं मात्र बघण्यासारखी आहेत. उशीर झाला तर सोडून द्या, कंदी पेढे घ्या आणि लवकर झोपा.

दुसरा दिवस औंधसाठी. या सगळ्या वाटेवर मी कुठली एकच जागा निवडायची म्हटलं तर हीच. साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत रस्ता जातो, सव्वा ते दीड तास धरा. वाटेत किन्हईला वाकडी वाट करून पंतप्रतिनिधींचा वाडा बाहेरून बघता येईल, पण त्यासाठी औंधची अकराची वेळ चुकवू नका. श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या उतारावर आहे. बाळासाहेबांनी ते १९३८ साली उभारलं. स्वतः चित्रकार असलेल्या राजाने जमवलेला हा संग्रह आहे, आणि ते पदोपदी जाणवतं. चित्रकारांत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, चंदन आणि हस्तिदंतावरचं कोरीव काम आहे, युरोपातल्या नामांकित चित्रशिल्पांच्या प्रतिकृती आहेत. प्रतिकृती पाहून नाक मुरडणारे काही पाहुणे माझ्याबरोबर असतात. त्यांना मी म्हणते, १९३८ साली खटाव तालुक्यातल्या पोराने रोमला कधी जायचं होतं? राजाने रोम खटावात आणलं.

आणि मग एका ठिकाणी हेन्री मूरचं 'आई आणि मूल' आहे. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं अस्सल दगडी शिल्प, माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या एका गावात. आकाराने फार मोठं नाही. आईचा चेहरा जवळजवळ नाहीच, नुसता गोलावा. मूल तिच्या अंगातूनच उगवल्यासारखं. शेजारच्या दालनांत रविवर्म्याच्या जरीच्या पदराच्या स्त्रिया पाहून आलं, की या दगडासमोर बहुतेक जण दोन सेकंद थांबून पुढे सरकतात. तुम्ही तसं करू नका. मुलीला विचारा, यात आई कुठे संपते आणि बाळ कुठे सुरू होतं. ती शिल्पाभोवती फिरून बघेल, आणि तुमच्यापेक्षा बरं उत्तर देईल. आईवडिलांना मात्र रविवर्मा दाखवा आणि एका चित्रासमोर बसू द्या. आपल्या पिढीपेक्षा त्यांना त्या चित्रांतल्या गोष्टी जास्त माहीत असतात; सैरंध्री कोण आणि ती तशी का उभी आहे हे आजी नातीला सांगते तेव्हा मी मध्ये पडत नाही.

एवढ्या संग्रहालयात दीड तास पुरे. सगळी दालनं बघण्याचा हट्ट नको. माझा अनुभव असा, की छोट्या संग्रहालयात माणसाने तीन वस्तू नीट पाहिल्या की त्याला जागा आवडते, आणि तीस वस्तू भरभर पाहिल्या की पाय दुखतात. आत जायच्या आधी प्रत्येकाने 'परत निघताना सगळ्यांना दाखवायची एक वस्तू' निवडायची असं ठरवा. आम्ही शिक्षकांच्या सहलीतही हेच करतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत एकमेकांना ओढत नेऊन दाखवण्याचा जो गोंधळ होतो त्यात खरं बघणं होतं.

औंधला बाकी सगळं बिनकुलपाचं. डोंगरावर यमाईचं मूळपीठ, वर गाडीही जाते, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही. गावातल्या देवीच्या देवळापुढची उंच दीपमाळ. आणि एक न दिसणारी गोष्ट: १९३९ साली या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार सोडून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला, तो 'औंधचा प्रयोग'. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश गृहस्थ यात होता. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर हे कैद्यांचं खुलं गाव त्याच काळातलं. हे जेवताना सांगायचं, संग्रहालयात नाही. जेवण गावात साधं मिळतं. फार अपेक्षा न ठेवता भाकरी-पिठलं मागा.

दुपारी पुसेसावळीमार्गे कराड. मुक्काम तिथेच. संध्याकाळी प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मिळून पूर्वेला वळतात. काठावर बाग आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. बाग म्हणजे वाळूत खेळणारी मुलं, भेळ, फुगे, बाकांवर बसलेले पेन्शनर. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या बागांना नावं ठेवायची पद्धत आहे, पण संध्याकाळी साडेपाचला एखादं गाव कसं आहे हे कळायला दुसरी जागा नाही. जवळच कोटाच्या भागात नकट्या रावळाची विहीर आहे, खोल, पायऱ्यांची, वरून बघितली तरी चालेल. सकाळी हवं असेल तर यशवंतरावांचं 'विरंगुळा' हे घर बघता येतं.

तिसरा दिवस मी हलका ठेवते, कारण दोन दिवसांनी मुलं दगड आणि चित्रांना कंटाळतात. सागरेश्वर अभयारण्य, कराडपासून तासाभरावर. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं, म्हणजे अगदी आटोपशीर. हे माणसांनी वसवलेलं जंगल आहे: धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेऊन उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावून घेतली, हरणं आणून सोडली, १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. सांबर, चितळ दिसण्याची शक्यता सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना. दुपारी बारा वाजता गेलात तर फक्त वाळलेलं गवत दिसेल आणि मला शिव्या द्याल. पायथ्याला सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा समूह आहे, तिथे उन्हातही सावली असते. शेजारचं देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं आजोळ आणि जन्मगाव. १२ मार्च १९१३ चा जन्म. ते छोटंसं जन्मघर आदल्या संध्याकाळच्या समाधीला जोडून बघितलं तर अर्थ लागतो. कुंडल रस्त्याने जाताना किर्लोस्करवाडी लागते. कारखान्यात शिरता येणार नाही, पण औंधच्या राजाने दिलेला माळ हाच, एवढं मुलीला दाखवून पुढे निघा.

कोल्हापूरकडे निघताना दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा हंगाम असेल तर रस्त्यात धूर दिसेल तिथे थांबा. ते गुऱ्हाळ. तिकीट नाही, पाटी नाही, पण मी पाहिलेल्या कुठल्याही 'थीम पार्क'पेक्षा चांगलं. चरकातून रस येतो, मोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं घालणारा माणूस कोपऱ्यात उकिडवा बसलेला असतो. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. गुळव्या काहीच बोलत नाही. रसाचा रंग आणि बुडबुडे बघत असतो, मध्येच पाण्यात थेंब टाकून बोटांत गोळी वळून बघतो, आणि हाक मारली की चार जण काहील उचलून वाफ्यात ओततात. त्या क्षणी तुम्ही मधे असता कामा नये. आधी मालकाला विचारा, मुलीला काहिलीपासून लांब धरा, आणि निघताना काकवी नाहीतर गूळ विकत घ्या. नुसतं फुकट बघून, फोटो काढून निघून जाणं बरं दिसत नाही.

चौथ्या दिवशी कोल्हापूर, आणि इथे तुम्हाला निवड करावी लागेल. कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय मुलांना फार आवडतं. बलुतेदार, शेतकरी, बाजार असे गावगाड्यातले प्रसंग माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केलेत. पण ते मोठं आहे, चालणं पुष्कळ आहे, सुट्टीच्या दिवशी गर्दी लोटते, आणि त्यात अर्धा दिवस जातो. तुमचा चौथा दिवस शनिवार आहे हे लक्षात घ्या. मला स्वतःला टाऊन हॉलमधलं संग्रहालय जास्त आवडतं. सीपीआर रुग्णालयासमोर बागेतली, मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने आखलेली जुनी इमारत. नवा राजवाडाही त्याचाच. इथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि हा इथे कसा आला? रोमन व्यापाराचं उत्तर मी देऊ शकते, पण आधी मुलीला नकाशावर बोट फिरवू द्या. बाहेर बागेतली झाडं जुनी आहेत, बाकं आहेत, आईंना बसायला उत्तम. दुपारी जमलं तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन बघा; अभिनेता म्हणून तुमच्या वडिलांना ते माहीत असतील, चित्रकार म्हणून बहुधा नसतील. टाऊन हॉल किंवा कणेरी, दोन्हींपैकी एकच. आईंचे गुडघे किती साथ देतायत त्यावर तिथल्या तिथे ठरवा.

हिल स्टेशनांवर निघालेली मेणाच्या पुतळ्यांची 'म्युझियम्स' आणि थ्रीडी खोल्या मी टाळते. चारजणांच्या तिकिटात औंधचा सगळा दिवस होतो.

आईंच्या गाडीत बसून राहण्याबद्दल थोडं. हा बऱ्याचदा कंटाळा नसतो, स्वच्छतागृहाची धास्ती असते. म्हाताऱ्या बायका ती बोलून दाखवत नाहीत, पाणी कमी पितात आणि 'तुम्ही जाऊन या' म्हणतात. छोट्या संग्रहालयांत सोय असेलच असं नाही, असली तरी कुलूप असतं. हायवे सोडण्याआधी चांगल्या पंपावर किंवा हॉटेलात थांबायचंच, विचारायचंसुद्धा नाही, सरळ थांबायचं. एक हलकी घडीची खुर्ची डिकीत टाका. विहिरीच्या काठावर, देवळाच्या आवारात, नदीवर ती उघडली की आई सहलीत येतात.

किरकोळ बाबी. सुटे पैसे ठेवा. दहा-वीस रुपयांच्या तिकिटाला सगळीकडे मोबाइलवरून पैसे घेतातच असं नाही. बॅटरी ठेवा, वीज जाते. फोटोला मनाई असेल तर वाद घालू नका, आधी सगळं बघून झाल्यावर नम्रपणे एकदा विचारा. नोंदवहीत नाव-गाव लिहा आणि अभिप्रायात 'छान' एवढंच न लिहिता काय आवडलं तेही लिहा. किती लोक येतात याचा वरच्या कार्यालयात जो काही पुरावा जातो तो त्या वहीतूनच. माणसाने आपणहून फिरून माहिती सांगितली असेल तर त्याचं मधे न तोडता ऐकून घ्या, भले त्यातलं अर्धं तुम्हाला पटत नसेल. सातारा ते कोल्हापूर रस्त्याचं सहापदरीकरण गेली काही वर्षं चालू आहे, वळणरस्ते आहेत, म्हणून नकाशा सांगेल त्यात पाऊण तास वाढवून धरा आणि अंधारात त्या पट्ट्यात गाडी चालवायची वेळ आणू नका.

तारखा ठरल्या की कळवा. पौषात निघणार असाल तर आधी औंधच्या यमाईच्या यात्रेचे दिवस बघा. त्या दिवसांत गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मग औंध पहिल्या दिवशी घ्यायचं की थेट परतीच्या वाटेवर, ते पुन्हा मांडावं लागेल.